अलास्का क्रूझवरचा हिमनदीचा दिवस: पैसे बाल्कनीवर नको, मार्गावर घाला

मराठवाड्यातून अलास्काच्या क्रूझला जाणारे बहुतेक दोन प्रकारचे. एक, मुलगा-सून किंवा लेक-जावई अमेरिकेत नोकरीला आहेत म्हणून उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलेले आई-वडील. दुसरे, संभाजीनगर, लातूर, नांदेडहून टूर कंपनीच्या ग्रुपबरोबर निघालेले. दोघांनाही आधी जहाज दाखवलं जातं: किती मजली, किती रेस्टॉरंट, पोहायचा तलाव, रात्रीचे कार्यक्रम. ज्या एका दिवसासाठी पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाला जायचं, तो हिमनदीचा दिवस कार्यक्रमपत्रिकेत एका ओळीत उरकलेला असतो. हे परीक्षण त्या एकाच दिवसाचं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. ग्लेशियर बे नॅशनल पार्कमधला दिवस पाचपैकी पाच. हबर्ड ग्लेशियर हवा आणि बर्फ यांनी साथ दिली तर पाच, नाही तर तीन. एंडिकॉट आर्म ही अरुंद खाडी चार. आणि ज्या सहलीत नुसतं जूनो शहराजवळचं मेंडेनहॉल दाखवून ‘ग्लेशियर झालं’ म्हणतात, तिला हिमनदीची क्रूझ म्हणूच नये. मेंडेनहॉल सुंदर आहे, पण ते बसने जाऊन, तलावाच्या अलीकडून बघायचं. समुद्रात उतरलेली हिमनदी ही निराळीच गोष्ट आहे.

म्हणून बुकिंगच्या वेळी पहिला प्रश्न जहाजाचा नको, हिमनदीच्या नावाचा हवा. कागदावर ‘सीनिक क्रूझिंग’ किंवा ‘ग्लेशियर व्ह्यूइंग’ एवढंच लिहिलं असेल तर त्यातून काहीही कळत नाही. कोणती हिमनदी, कोणत्या तारखेला, जहाज तिथं किती तास, आणि आपण याच जहाजावरून बघणार की वेगळे पैसे भरून छोट्या बोटीने जाणार, हे चारही लेखी घ्या.

ग्लेशियर बेमध्ये दिवसाला फक्त २ मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश असतो. त्यांचे परवाने ठरलेले असतात आणि त्यातले सर्वाधिक प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या दोन कंपन्यांकडे आहेत. नॉर्वेजियनची काही जहाजंही जातात. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटी यांची जहाजं बहुधा हबर्डला किंवा एंडिकॉट आर्मला नेतात. एकाच कंपनीची दोन जहाजं दोन वेगळ्या हिमनद्यांना जाऊ शकतात, त्यामुळे कंपनीच्या नावावर विसंबू नका, तारीखवार मार्ग बघा. पार्कसाठी प्रवाशाला वेगळं तिकीट काढावं लागत नाही.

माहितीपत्रक जुनं असेल तर त्यात ट्रेसी आर्म या दुसऱ्या अरुंद खाडीचं नाव दिसेल. तिथं १० ऑगस्ट २०२५ रोजी साउथ सॉयर हिमनदीजवळ डोंगराचा मोठा कडा खाडीत कोसळला आणि प्रचंड लाट उठली. त्यानंतर जहाजं शेजारच्या एंडिकॉट आर्मकडे, म्हणजे डॉज ग्लेशियरकडे वळवली गेली. कागदावर अजून ट्रेसी आर्मच असेल तर ताजा मार्ग मागून घ्या.

आता व्हिसा. इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात, आणि अडकतात ते बंदरावर, बॅगा हातात असताना. आई-वडिलांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असतो, अलास्का तर अमेरिकेतच, मग काय हवं, असा हिशेब होतो. पण व्हँकुव्हरहून निघणारं जहाज कॅनडातून निघतं. सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतणारं जहाजसुद्धा वाटेत कॅनडाच्या एखाद्या बंदराला, बहुधा व्हिक्टोरियाला, काही तास थांबतं. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशात नोंदलेल्या जहाजांना हा थांबा घ्यावाच लागतो. त्या थांब्याला तुम्ही खाली उतरा अथवा न उतरा, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मुलालाही लागतो. ग्रीन कार्डधारकाला लागत नाही. त्याने पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवायचं. व्हिसा नसला तर जहाजावर चढू देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. अमेरिकेचा व्हिसा नव्याने काढायचा असेल तर नांदेड, लातूर, धाराशिवकरांनी मुंबईबरोबर हैदराबादच्या तारखाही बघाव्यात. अंतर कमी आहे आणि मुलाखत भारतातल्या कोणत्याही केंद्रावर देता येते.

महिना कोणता? हंगाम साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. शाळेची मुलं बरोबर असतील तर मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा उत्तम. अलास्काच्या या भागात मे महिना तुलनेने कोरडा, डोंगरांवर बर्फ भरपूर, दिवस लांबलचक. सप्टेंबरात पाऊस जास्त. मात्र सप्टेंबरचा एक फायदा आहे. ग्लेशियर बेमधल्या जॉन्स हॉपकिन्स हिमनदीच्या खाडीत सील माद्या पिल्लं देतात, म्हणून ती खाडी १ मे ते ३१ ऑगस्ट क्रूझ जहाजांना बंद असते. सप्टेंबरात तिकडे जाता येतं.

आता प्रत्यक्ष दिवस. ग्लेशियर बेमध्ये जहाज कुठंही धक्क्याला लागत नाही, कोणी खाली उतरत नाही. हे आधीच माहीत हवं, नाही तर ‘नुसतं लांबून दाखवलं’ अशी तक्रार घेऊन माणसं परततात. जहाज सकाळी लवकर उपसागराच्या तोंडाशी येतं. बार्टलेट कोव्हजवळ एक छोटी बोट जहाजाला खेटते आणि पार्कचे रेंजर दोरीच्या शिडीने वर चढतात. या भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या हुना त्लिंगित समाजातला जाणकारही अनेकदा त्यांच्याबरोबर असतो. पुढचे आठ-दहा तास हे लोक जहाजावर असतात, उघड्या डेकवरच्या स्पीकरवरून माहिती देतात आणि प्रश्नांना अगदी मनापासून उत्तरं देतात. इंग्रजी सोपं आणि संथ असतं. बाल्कनीत हा आवाज नीट पोचत नाही. तिथं बसायचंच असेल तर खोलीतला टीव्ही जहाजाच्या चॅनेलवर लावून दार उघडं ठेवा.

तोंडापासून हिमनदीपर्यंत सुमारे १०५ किलोमीटर. हा प्रवास बहुतेक लोक झोपेत किंवा नाश्त्याच्या रांगेत घालवतात. आमच्या मते दिवसाचा अर्धा अर्थ याच वाटेत आहे. सुमारे १७५० साली हा सगळा उपसागर बर्फाने भरलेला होता. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरची माणसं आली तेव्हा इथं जेमतेम एक खोबण होती आणि पुढे बर्फाची भिंत. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ साठ-सत्तर किलोमीटर मागे हटला होता. म्हणून आज तोंडाशी दाट सूचिपर्णी जंगल दिसतं, कारण तिथली जमीन सगळ्यात आधी मोकळी झाली. आत जावं तसं जंगल विरळ होत झुडपांवर येतं, मग शेवाळ, आणि शेवटी उघडा, घासून गुळगुळीत झालेला कातळ. अडीचशे वर्षांचा हिशेब असा काठाकाठाने मांडून ठेवलेला आहे. सकाळी सातला डेकवर उभं राहिलं तरच तो ओळीने वाचता येतो.

याच वाटेवर प्राणी दिसतात. साउथ मार्बल बेटावर सी लायन आणि पफिन पक्षी. ग्लूमी नॉब नावाच्या फिकट राखाडी कड्यावर पांढऱ्या डोंगरी शेळ्या, नुसत्या डोळ्यांना खडूच्या ठिपक्यांएवढ्या. ओहोटीच्या वेळी काठावर दगड उलथवणारं तपकिरी अस्वल. पाण्यात पाठीवर झोपलेली समुद्री पाणमांजरं. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी घ्या. १० पट मोठं दाखवणारी दुर्बीण जहाजाच्या थरथरीत हातात स्थिर राहत नाही. आणि दुर्बीण माणशी एक हवी. चौघांत एक नेली तर ती तिसऱ्याकडे पोचेपर्यंत शेळी निघून गेलेली असते.

साधारण दहाच्या सुमारास, काही जहाजांवर त्यानंतर, टार खाडीच्या टोकाशी मार्जरी ग्लेशियर येतं. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, समुद्राला भिडलेलं तोंड सुमारे दीड किलोमीटर रुंद, पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच आणि पाण्याखाली आणखी सुमारे ३० मीटर. दौलताबादचा चांद मिनार ६० मीटरहून थोडा जास्त आहे. त्यावर तीन-चार मजले चढवा आणि ती उंची दीड किलोमीटरभर पसरा. पण पहिल्या नजरेला ते एवढं मोठं वाटत नाही, आणि यात डोळ्यांचा दोष नाही. शेजारी झाड नाही, घर नाही, माणूस नाही. मापायला काहीच नाही. भिंतीच्या पायथ्याशी उडणारे पांढरे पक्षी शोधा. ते पक्षी आहेत आणि मीठ सांडल्यासारखे दिसताहेत, हे कळलं की भिंत एकदम वाढते.

डावीकडे मार्जरी, आणि समोर एक काळपट मातीचा ढिगारा दिसतो. अनेक जण त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात. तो ढिगारा म्हणजे ग्रँड पॅसिफिक ग्लेशियर. दगडमातीने झाकलेलं असल्यामुळे ते हिमनदी वाटत नाही. ही अख्खी १०५ किलोमीटरची खाडी त्याच्याच बर्फाने भरलेली होती. मार्जरीवरही काळे पट्टे दिसतात. वरच्या बाजूला दोन हिमनद्या एकमेकींना मिळाल्या की त्यांच्या काठांवरचा दगडगोटा मधोमध येतो आणि तसाच पुढे वाहत येतो. तो पट्टा म्हणजे दोन नद्यांच्या संगमाची खूणच.

बर्फ निळा का, हा सगळ्यांचा प्रश्न. वर्षानुवर्षं साचलेल्या हिमाच्या वजनाने आतली हवा पिळून निघते आणि बर्फ घट्ट होतो. असा घट्ट, जाड बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो, निळा तेवढा बाहेर येतो. नुकता तुकडा तुटलेली जागा सगळ्यात गडद निळी. ऊन-पाऊस खाल्लेली जागा पांढरी, कारण तिथं तडे आणि हवा शिरलेली असते. आकाश ढगाळ असेल तर हिरमुसू नका. कडक उन्हात भिंत पांढरीफटक दिसते, ढगांखाली निळा उठून येतो. नुकसान होतं ते खाली उतरलेल्या धुक्याने.

बर्फ तुटताना बघायचा असेल तर संयम आणि एक साधी युक्ती लागते. मार्जरीचा बर्फ दिवसाला दीड-पावणेदोन मीटर पुढे सरकतो, म्हणून तुटणं चालूच असतं, पण ठरलेल्या वेळी नाही. जहाज भिंतीपासून अर्धा किलोमीटर असेल तर आवाज यायला सुमारे दीड सेकंद लागतो. म्हणजे आवाज ऐकून मान वळवली की तुकडा पाण्यात गेलेला असतो. त्याऐवजी भिंतीचा एक भाग निवडा: जिथं गडद निळा रंग आहे, खाली पोखरलेलं आहे किंवा सुटा सुळका पुढे झुकलेला आहे. आधी तिथून चाळणीतून पीठ पडावं तसा बारीक चुरा गळायला लागतो. चुरा दोन-तीनदा गळला की नजर हलवू नका. मग एक फळी सुटते, आधी सावकाश वाटते, पाण्यावर आदळून पांढरा फवारा भिंतीच्या निम्म्यापर्यंत चढतो, आणि त्यानंतर वळिवाच्या ढगासारखा गडगडाट येतो. थोड्या वेळाने लाट बर्फाच्या तुकड्यांखालून जाते, तेव्हा त्यांच्यावर पहुडलेले सील नुसते वर-खाली होतात, हलत नाहीत. डेकवर कोणी बोलत नसेल तर आणखी एक आवाज येतो: जवळच्या तरंगत्या तुकड्यांमधून तडतड, जणू नागपंचमीला कढईत ज्वारीच्या लाह्या फुटताहेत. बर्फात शेकडो वर्षं कोंडलेली हवा सुटते आहे. हा आवाज काचेआडच्या लाउंजमध्ये येत नाही.

जहाज तिथं साधारण तासभर थांबतं आणि जागेवरच सावकाश पूर्ण फिरतं, दोन्ही बाजूंना सारखं दिसावं म्हणून. त्यामुळे खोली डावीकडची की उजवीकडची, यावर डोकेफोड करू नका. बाल्कनीची खोली आतल्या खोलीच्या बहुधा दीडपट ते दुप्पट पडते, आणि हिमनदीच्या तासात अर्धा वेळ ती उलट्या दिशेला तोंड करून असते. त्या दिवशी अनेक जहाजांवर नाकाडावरचा, म्हणजे अगदी पुढच्या टोकाचा डेक, जो एरवी बंद असतो, प्रवाशांना खुला करतात. कधी उघडणार, कोणत्या मजल्यावरून वाट आहे, हे आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकात किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर बघून ठेवा. पहिल्या वीस मिनिटांत तिथं रेटारेटी असते. फोटो झाले की गर्दी जेवायला पांगते. तुम्ही तेव्हा जा. गुडघे दुखणाऱ्यांनी सगळ्यात वरच्या उघड्या डेकवर लिफ्टने जावं, बाकं असतात, आणि व्हीलचेअरसाठी बुकिंगच्या वेळीच सांगावं. बाल्कनी घेऊ नका असं नाही. आईला उन्हातान्हाची, वाऱ्याची बाधा होत असेल, थोडं बघून थोडं पडायचं असेल, तर ती सोय मोलाची आहे. पण तेच पैसे ग्लेशियर बेच्या मार्गासाठी लागत असतील तर आतली खोली घ्या.

हबर्डचं थोडं वेगळं. तोंड १० किलोमीटरच्या आसपास रुंद, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या लांबीएवढं. धरणाची उंची ४१ मीटर, हबर्डची भिंत काही ठिकाणी १०० मीटरच्या वर. बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना ही पुढे सरकते आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने शेजारच्या रसेल फ्योर्ड या अरुंद खाडीचं तोंडच बंद करून त्याचा तात्पुरता तलाव केला होता. पण तिच्यापुढच्या खाडीत तरंगता बर्फ दाटला की कप्तान जहाज लांबच थांबवतो. कधी आठ-दहा किलोमीटरवरून मागे फिरावं लागतं. याची भरपाई मिळत नाही आणि कप्तानाशी वाद घालण्यात अर्थ नाही. पत्र्याच्या पलीकडे तो बर्फ आहे. शिवाय हबर्डकडे जाताना उघड्या अलास्का आखातातून जावं लागतं, जहाज हलतं. उलटीची गोळी, आपल्याकडे अ‍ॅव्होमिन घेतात तशी, त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा झोपेची दुसरी औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

कपड्यांचं गणित परभणीच्या ४३ अंशांतून निघताना पटत नाही. बंदरात दिवसा १० ते १५ अंश असतात, हिमनदीसमोर त्याहून कमी, आणि वर बर्फावरून खाली उतरणारा वारा. एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर घ्या: अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीसचा उबदार, मऊ सदरा, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. कान झाकणारी टोपी, हातमोजे, बंद बूट. साडी नेसणाऱ्यांनी आतून थर्मल पायजमा घालावा आणि पदर जाकिटाच्या आत खोचावा. स्कार्फ, टोपी, कागदी कप वाऱ्याने पाण्यात गेला तर ती संरक्षित पाण्यात घाण होते, म्हणून हातात सुटं काही ठेवू नका. ड्रोनला पार्कमध्ये बंदी आहे.

मोबाइल थंडीत भराभर उतरतो. पॉवर बँक आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. फोटोत बर्फ राखाडी येत असेल तर स्क्रीनवर बर्फाला टॅप करून उजेड थोडा वर सरकवा. ‘फोर-के’ व्हिडिओ मिनिटाला ४०० एमबीपर्यंत खातो, आदल्या रात्री जागा करून ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर असू द्या, जहाजावरच्या मोबाइल टॉवरचं रोमिंग फार महाग पडतं.

खाण्याचं सांगायचं तर शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंगबरोबरच कळवा आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य डायनिंग हॉलच्या हेड वेटरला भेटा. बहुतेक जहाजांवर भारतीय कर्मचारी असतात, हिंदीत बोलता येतं. हॉलंड अमेरिकाच्या जहाजांवर हिमनदीच्या दिवशी डेकवर गरमागरम मटारचं सूप देतात. मटार म्हणून बिनधास्त पिऊ नका, पारंपरिक डच सूपमध्ये डुकराचं मांस असतं. बिनमांसाचं आहे का ते विचारा. घरचे धपाटे, दशम्या जहाजावर चढू देत नाहीत. पाकीटबंद शेंगदाण्याची चटणी, चिवडा चालतो, अमेरिकेच्या कस्टमला सांगून. विजेची किटली जप्त होते, गरम पाणी बुफेत मिळतं. जहाजाच्या भाड्याखेरीज माणशी रोजचे साधारण १६ ते २० डॉलर सेवाशुल्क लागतं, ग्रुपच्या दरात ते धरलं आहे का ते आधी विचारा.

मार्जरीहून परतताना लोक जेवून झोपतात. तसं करू नका. जाताना लॅम्पलू आणि रीड या दोन हिमनद्या धुक्यात गेल्या असतील तर येताना मोकळ्या सापडतात. आणि दुपारी तीन-चारला, रेंजर उतरायच्या सुमारास, जहाज पुन्हा उपसागराच्या तोंडाशी येतं. तिथल्या पाण्यात उन्हाळाभर हंपबॅक देवमासे चरायला असतात, म्हणून तिथं जहाजांना वेगाची मर्यादा घालतात. आधी दूरवर पाण्याची वाफ उडाल्यासारखा फवारा दिसतो, मग काळी पाठ. पाठीला कमान आली की शेपटी वर येणार. दुर्बीण तेव्हा बॅगेत नको, गळ्यात हवी.